ठशांच्या युनिटसाठी ग्रँट मागायची तर आधी मशीन की माणूस?

चान्सप्रिंट: पोलिसांच्या बोटांचे ठसे तपासणाऱ्या युनिटसाठी ग्रँटचा प्रस्ताव लिहायला घेतलाय आणि माझं मत स्पष्ट आहे, आधी उपकरणं मागा. पावडर आणि ब्रशवर गुळगुळीत पृष्ठभागावरचा ताजा ठसा निघतो, पण कागदावरचा ठसा काढायला निनहायड्रिन नावाचं रसायन लागतं, ते घामातल्या अमिनो आम्लांशी मिळून जांभळं होतं, आणि प्लास्टिकच्या पिशवीवरचा काढायला सुपरग्लूची वाफ देणारी बंद पेटी लागते ज्यात दमटपणा नीट सांभाळता येतो. पेटी नाही म्हणून जुगाड करून ग्लू तापवणारी माणसं मी स्वतः पाहिलीत, ती वाफ सरळ डोळ्यांत जाते. आणि ठसाच निघाला नाही तर पुढचे तज्ज्ञ काय बघणार? सोबत ठसे शोधायची नवीन कॉम्प्युटर सिस्टिमही मागणारे.

दोन_नजरा: अजिबात पटलं नाही. पेटी आली की ठसे वाढणार, मग ते बघायला माणूस कोण? कॉम्प्युटर फक्त मिळत्याजुळत्या ठशांची यादी देतो, जुळला की नाही हे माणूसच ठरवतो आणि त्यानंतर दुसऱ्या माणसाने तेच परत तपासायचं असतं. असा तज्ज्ञ तयार व्हायला वर्षं जातात. ग्रँट संपते, वॉरंटी संपते, एएमसीला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराला, पैसे नसतात आणि मशीन कव्हर घालून कोपऱ्यात पडतं. एका युनिटमध्ये हे बघितलंय म्हणून एवढं तळमळून लिहितेय.

चान्सप्रिंट: एएमसीचा मुद्दा मान्य, तो पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरायलाच हवा. पण पगाराचं काय? बऱ्याच ग्रँटची अटच असते की आहे त्या पगाराच्या जागी हा पैसा वापरायचा नाही. मशीनला हो म्हणतात, माणसाला नाही. मग मिळतंय तेही सोडून द्यायचं का?

उलटतपासणी: तुम्ही दोघं जास्त ठसे कसे काढायचे आणि ते तपासणार कोण यावर भांडताय आणि चुकीच्या जुळणीवर कोणीच बोलत नाहीये. २००४ चा माद्रिदचा रेल्वे बॉम्बस्फोट आठवा. डिटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा एफबीआयने सिस्टिमवर टाकला, २० जणांची यादी आली, त्यात चौथ्या नंबरवर अमेरिकेतला एक वकील होता ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठसा त्याचाच म्हणून सांगितलं, कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञानेही तेच म्हटलं. शेवटी स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. तिथे मशीन, माणसं, पैसा यातलं काहीच कमी नव्हतं! डेटाबेस जितका मोठा तितके दिसायला सारखे ठसे जास्त सापडणार, हे प्रस्तावात कोण लिहितं?

चान्सप्रिंट: एका केसवरून सगळं ठरवू नका. २०११ मध्ये १६९ तज्ज्ञांवर अमेरिकेत अभ्यास झाला, त्यात चुकीची जुळणी ०.१ टक्के होती, आणि जुळत असूनही 'जुळत नाही' म्हणण्याचं प्रमाण ७.५ टक्के. म्हणजे खरा गुन्हेगार हातचा सुटण्याची चूक जास्त.

उलटतपासणी: त्या तज्ज्ञांना आपली परीक्षा चाललीये हे माहीत होतं, आणि माद्रिद केसमधला तो निष्पाप वकील दोन आठवडे कोठडीत होता, त्याला ०.१ टक्के सांगून काय होणार? २००६ चा प्रयोग बघा, पाच तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे 'हा माद्रिदच्या चुकीच्या केसमधला आहे' असं सांगून परत दाखवले, चौघांनी निर्णय बदलला. ठसे तेच, डोळे तेच, कानावर पडलेली माहिती तेवढी वेगळी. म्हणून माझी मागणी सरळ आहे, दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं मत आणि केसची हकीकत कळू न देता तपासणी व्हायला हवी, आणि त्याला लागणारा वेळ आणि माणूस ग्रँटमधून मागा.

दोन_नजरा: हे मात्र शंभर टक्के. आणि पगार नाही तर ट्रेनिंग मागा ना, बाहेरून येणारी प्रावीण्य चाचणी मागा, प्रयोगशाळेच्या मान्यतेचा खर्च मागा, हे सगळं एकरकमी असतं, नाकारायला कारण सापडत नाही.

चान्सप्रिंट: ठीक आहे, कॉम्प्युटर सिस्टिम काढतो. सुपरग्लूची पेटी मात्र राहणार, त्यावर मी हलणार नाही. सोबत पाच वर्षांची एएमसी, ट्रेनिंग आणि आंधळी पडताळणी, म्हणजे पहिल्याचं मत न कळू देता दुसऱ्याने केलेली तपासणी. पण प्रस्तावात युनिटच्या कामाच्या मोजमापाच्या रकान्यात काय लिहू? मी 'किती ठसे जुळले' लिहिलं होतं.

उलटतपासणी: ते आधी खोडा. पुढची ग्रँट जुळणीच्या आकड्यावर मिळते असं एकदा तज्ज्ञाच्या मनात बसलं की अर्धवट, पुसट ठशावर 'सांगता येत नाही' लिहायला हात धजणार नाही. किती दिवसांत तपासला, किती ठसे दुसऱ्याने स्वतंत्रपणे पाहिले, कितींवर मतभेद झाले, हे लिहा.

चान्सप्रिंट: मतभेदाचा आकडा दाखवला तर वरिष्ठ म्हणतील युनिटचीच बदनामी होतेय.

दोन_नजरा: म्हणू देत. मतभेद शून्य दाखवणारं युनिट असेल तर मी त्याचा प्रस्ताव आधी बाजूला ठेवेन.