मदत हवी आहे: ज्युलिओ जोन्सला सोडून अटलांटाचे पैसे वाचले कसे?

मंडळी, एनएफएलमधलं (अमेरिकन फुटबॉलची लीग) सॅलरी कॅपचं, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेचं, गणित कुणी सोपं करून सांगेल का? अटलांटा फाल्कन्सने जून २०२१ मध्ये ज्युलिओ जोन्स या रिसीव्हरला (पास झेलणारा खेळाडू) टेनेसी टायटन्स संघाकडे ट्रेड केलं, म्हणजे अदलाबदलीत दिलं. वय ३२, आधीच्या मोसमात मांडीच्या दुखापतीमुळे जेमतेम ९ सामने आणि वर्षाचा पगार १.५३ कोटी डॉलर, इथवर कळतं. बदल्यात मुख्यतः ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया) दुसऱ्या फेरीची एक निवड मिळाली. (एवढ्या मोठ्या रिसीव्हरचं एवढंच मोल? असो.) माझं घोडं अडलंय पुढे. तो गेल्यावरही २०२२ च्या कॅपमध्ये त्याच्या नावावर १.५५ कोटी धरलेच गेले. मग वाचलं काय? आणि ट्रेडसाठी १ जून उलटेपर्यंत थांबून नेमका फायदा काय होतो? साइनिंग बोनस (करार करताना मिळणारी रक्कम) कराराच्या वर्षांवर कसा विभागतात, तेही सांगा.