देवस्थानातील जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसवावी का?

डिचोलीकर:
आमच्या देवस्थानच्या कार्यालयात २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप अजून वापरात आहे. त्यात इंटेल कोअर आय३-२१०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क असून विंडोज १० चालते. जत्रेच्या दिवसांत सकाळी पहिली पावती छापून मिळेपर्यंत महाजन (देवस्थानचे सभासद) आणि भाविक ताटकळत उभे राहतात. नवा संगणक घेता येईल; परंतु पावत्यांचे जुने सॉफ्टवेअर याच यंत्रावर असून त्याची मूळ सीडी सापडत नाही. या बोर्डावर फक्त साटा २ (डिस्क जोडण्याची जुनी, संथ पद्धत) असल्यामुळे एसएसडीचा, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कचा, निम्मा वेग वाया जाईल, असे एकाने सांगितले. तरीही खर्च करावा का?

म्हापशाचा हार्डवेअरवाला:
अवश्य करावा. साटा २ ची मर्यादा सेकंदाला ३ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात पावणेतीनशे एमबीच्या आसपास, आणि साटा ३ ची त्याच्या दुप्पट, हे खरे. पण हा फरक मुख्यतः मोठ्या फाइली हलवताना जाणवतो. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली डिस्कच्या निरनिराळ्या भागांतून वाचाव्या लागतात, आणि मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हेड योग्य जागी पोहोचेपर्यंत दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो, आणि साटा २ असले तरी हा लाभ टिकतो. साधी अडीच इंची, अडीचशे जीबीच्या आसपासची साटा एसएसडी घ्यावी. साटापेक्षा वेगवान अशा एनव्हीएमई एसएसडीच्या मोहात पडू नये. अडॅप्टर लावला तरी त्या काळचा बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) तिच्यावरून सहसा विंडोज सुरू करत नाही. रॅम मात्र ८ जीबी करावी.

फोंड्याचा वाचक:
एरवी मी नव्याने विंडोज टाकण्याचाच आग्रह धरला असता. सीडी नसताना मात्र क्लोनिंगला, म्हणजे जुन्या डिस्कची विंडोजसकट हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर करण्याला, पर्याय नाही. त्याआधी पावत्यांचा डेटा पेनड्राइव्हवर घ्यावा आणि जुन्या डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच ठेवलेली तिच्या प्रकृतीची नोंद) पाहावा, कारण त्यात खराब सेक्टर वाढलेले दिसले तर क्लोनिंगच्या ताणानेच ती डिस्क मान टाकू शकते. वापरलेली जागा नव्या एसएसडीत मावेल, याचीही खात्री करावी. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी आणि ती लगेच पुसू नये, कारण काही जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. बायोसमध्ये डिस्कसाठी आयडीई हा जुना मोड असेल तर तो थेट एएचसीआय या नव्या मोडवर नेऊ नये, अन्यथा विंडोज सुरू न होता त्रुटीचा निळा पडदा येईल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये (केवळ अत्यावश्यक ड्रायव्हरांसह) सुरू होईल अशी सोय करून मग तो बदल करावा. पेटी उघडलीच आहे, तर आपल्याकडच्या पावसाळ्यात काळवंडलेल्या रॅमच्या कडाही पुसून घ्याव्यात.

डिचोलीकर:
आभारी आहे. विंडोज ११ टाकता येईल का?

म्हापशाचा हार्डवेअरवाला:
अधिकृतपणे नाही, कारण तिला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तर आपला दुसऱ्या पिढीचा आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने हे यंत्र केवळ पावत्यांसाठी ठेवावे आणि इंटरनेटची तार काढून टाकावी. यूपीएसही हवा. शिवाय हार्ड डिस्क बहुधा कुरकुर करून इशारा देते, एसएसडी मात्र कित्येकदा अचानक बंद पडते, म्हणून पावत्यांची प्रत रोज संध्याकाळी दुसरीकडे काढून ठेवावी.