रोबो व्हॅक्यूम घ्यावा का? (बजेट ३० हजार, २ बीएचके, वाकड)

वाकडवासी
नमस्कार मंडळी. घरात सगळीकडे टाइल्स आहेत, गालिचा नाही. समोर दोन टॉवरचं बांधकाम चालू आहे, त्यामुळे सकाळी केर काढला तरी दुपारी पायाखाली धूळ कचकचते. आम्ही दोघं ऑफिसला, घरी आई एकटी. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, पण केर दिसला की तिला राहवत नाही, झाडू घेतेच. मावशी सकाळी केर-फरशी करून जातात, त्यांना काढायचं नाहीये, प्रश्न दुपारच्या धुळीचा आहे. रोबो घेण्यात अर्थ आहे का? बजेट ३०, अगदीच ताणलं तर ३५. पोछावाला नको. वापरलेल्यांनी सांगा प्लीज.

बाणेरचा_बाळ्या
३० मध्ये काही धड येत नाही, थोडं थांबा आणि ७०-८० वाला घ्या. आमचा स्वतःचा पोछा स्वतः गरम पाण्याने धुतो, गरम हवेने वाळवतो, कचरा डॉकमध्ये (म्हणजे कचरा साठवणाऱ्या चार्जिंग स्टँडमध्ये) ओढून घेतो. पाहुणे आले की आधी तोच बघायला जातात. एकदाच खर्च करायचा पण चांगल्यावर करायचा.

नागपूरची_मी
अजिबात घेऊ नका!! आमचा माळ्यावर पडलाय. प्रत्येक खोलीला ग्रॅनाइटचा उंबरा, हा आपटतो आणि मागे फिरतो. पडद्याची झालर गिळली, मुलाच्या चार्जरची वायर गिळली, दिवाळीत दारातली रांगोळी घरभर नेली. तो चालू करायच्या आधी घर आवरायचं, मग मी झाडूच मारते ना.

सदाशिव३०
नागपूरची_मी +१. मावशींना ५०० जास्त द्या, दुपारी एक चक्कर मारतील. माणसाच्या हाताची सर यंत्राला नाही.

हिंजवडी_फेज३
५०० मध्ये दुपारची वेगळी चक्कर? कुठल्या जमान्यात आहात काका. आमच्या सोसायटीत फक्त भांड्यांचे किती घेतात ते ऐकलंत तर गप्प बसाल, वर महिन्याच्या सुट्ट्या वेगळ्या.

सदाशिव३०
सुट्टी प्रत्येकाला लागते, तुम्ही घेत नाही का? आमच्याकडे त्याच बाई वर्षानुवर्षं आहेत, नीट वागवलं की माणसं टिकतात.

यंत्रवेडा
मूळ प्रश्नाकडे येऊ. रोबो दोन प्रकारचे. स्वस्तातले आपटत-आपटत कसेही फिरतात, एक खोली तीनदा आणि दुसरी राहूनच जाते. लायडारवाले (लेझरने अंतर मोजणारे) आधी घराचा नकाशा बनवतात आणि ओळीने झाडतात. लायडार नसेल तर घेऊच नका, तुमच्या बजेटमध्ये मिळतो.
पास्कलच्या (ओढण्याच्या ताकदीच्या) आकड्यांना भुलू नका, ती चढाओढ चाललीय नुसती. टाइल्सवर ३-४ हजार पुरतात, जास्तीची ओढ गालिच्याला लागते.
घरात टेप घेऊन बसा. वरच्या लायडारच्या टोपीमुळे बहुतेकांची उंची १० सेंमीच्या आसपास जाते, सोफा-पलंग त्याहून खाली असेल तर खालची धूळ तशीच राहणार. उंबरा साधारण २ सेंमीपर्यंत चढतात, त्यावर नाही. वायफाय बऱ्याच मॉडेलना २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं, नुसतं ५ वालं चालू असेल तर जोडलाच जात नाही.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, बांधकामाची धूळ मैद्यासारखी बारीक असते, फिल्टर भराभर चोंदतो. वारंवार झटकायचा, जास्तीचे दोन घेऊन ठेवायचे. आधी नीट ओढून न घेता ओला पोछा फिरवला तर टाइलवर चिखलाचे पट्टे उठतात. पोछा नको म्हणताय ते बरोबर आहे.
डॉकवर पैसे घालवू नका. डबा रिकामा करायला मिनिटभर लागतं, आणि डॉकच्या पिशव्या दर थोड्या दिवसांनी विकत घेत बसायला लागतात.

न्यूजर्सीकर
इकडे आमच्याकडे खूप आधीपासून आहे. पण एक सांगतो, कंपनी बघून घ्या. रूम्बा हा रोबो व्हॅक्यूम २००२ मध्ये आणला तो आयरोबॉट कंपनीने, याच लोकांनी हा धंदा घराघरात नेला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनीच दिवाळखोरीचा अर्ज केला. नकाशा, वेळापत्रक सगळं ॲपवर चालतं, मागचा सर्व्हर बंद पडला तर हातात उरतं फक्त बटण.

बाणेरचा_बाळ्या
म्हणूनच म्हणतो महागातला घ्या. ८० हजारवाल्यात सगळं येतं.

तळेगावची_सून
महागातल्याचंही ऐका. आमच्याकडे टँकरचं पाणी, पोछाच्या टाकीत क्षार बसले, टाइलवर पांढरे डाग. त्यात सासऱ्यांनी टाकीत फिनेल ओतलं, नंतर सर्व्हिसवाला म्हणाला वॉरंटी गेली. कोणाचंच बोलणं ऐकून घेत नाहीत हे लोक.

वाकडवासी
पोछा नकोच आहे हो, वर लिहिलंय. टेप लावली. सोफ्याखाली १२ सेंमी, पलंग बॉक्सचा म्हणजे खाली प्रश्नच नाही. उंबरे फक्त बाथरूम आणि बाल्कनीला, तिथे त्याने जाऊ नयेच.

यंत्रवेडा
मग तुमचं घर अगदी योग्य आहे. लायडारवाला, डॉक नसलेला, २० च्या आत. पैसेही वाचतील.

सदाशिव३०
किंवा मावशी.

वाकडवासी
सगळ्यांचे आभार. रविवारी मित्राकडचा बिनडॉकचा रोबो आईला दाखवायला घेऊन आलो होतो. हॉलमधून त्याने किती धूळ काढली ते बघून ती खूश झाली, मग म्हटलं आता डबा तू रिकामा करून बघ. तो जमिनीवर. टेबल धरून ती खाली वाकली, झाकण उघडलं, डबा ओढला तर अडकला, जोर लावल्यावर सुटला आणि राखेसारखी धूळ साडीवर आणि पुन्हा टाइलवर. सरळ व्हायला माझा हात धरावा लागला. यंत्रवेडा, तुमचं मिनिटभराचं काम ते हेच, आणि आमच्या घरी तेच एक काम तिने करायचं नाहीये. तुमच्या बाकी सगळ्या मुद्द्यांचा उपयोग झाला.
म्हणून लायडारवाला आणि फक्त कचरा ओढणारा डॉक असलेला ऑर्डर केला, ३४ हजार. डॉक जमिनीवरच असतो पण त्याची पिशवी मी सुट्टीच्या दिवशी बदलेन, फिल्टर पण मीच झटकेन. आईने फोनवर एक बटण दाबायचं. मावशींना सांगितलंय तुमचं काम आहे तसंच राहणार.

यंत्रवेडा
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पिशव्या त्याच मॉडेलच्या घ्या, दुसऱ्या नीट बसत नाहीत.

बाणेरचा_बाळ्या
अजून ४०-४५ घातले असते तर पोछापण आला असता.

हिंजवडी_फेज३
नो-कॉस्ट ईएमआयवर घेतला का? घेतला असेल तर स्टेटमेंट बघा, व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी लागते. आणि लिंक टाका, आमच्या पण समोर बांधकाम सुरू झालंय.