काउंटी जेलची कैदी-यादी सगळ्यांना उघडी असावी का?

कऱ्हाकाठ

अमेरिकेतल्या अनेक ग्रामीण काउंट्यांचे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) शेरीफ, म्हणजे तिथले पोलीसप्रमुख, आपल्या जेलमध्ये आत्ता कोण आहे त्याची यादी वेबसाइटवर टाकतात. नाव, वय, आरोप, जामिनाची रक्कम, बऱ्याच ठिकाणी फोटोही. ही यादी बंद करावी, निदान पासवर्डमागे ठेवावी, असं आपल्या इथल्या मराठी मंडळींत हल्ली वारंवार ऐकतो. माझा याला ठाम विरोध आहे.

आधी एक फरक. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं, शिक्षा झालेल्यांसाठी. काउंटी जेल बहुतेक ठिकाणी शेरीफच्या ताब्यात. तिथे नुकते पकडलेले, जामीन न भरता आलेले आणि साधारण वर्षाच्या आतली शिक्षा असलेले. म्हणजे आपलं माणूस अडकलं तर सर्वांत आधी काउंटी जेलमध्येच असणार.

हायवेवर गाडी अडवली की माणसाला तो राहतो तिथे नेत नाहीत, जिथे अडवलं त्या काउंटीत नेतात. शिकागोहून डेन्व्हरला निघालेल्या मुलाचा फोन रात्री बंद झाला, तर आयोवा-नेब्रास्कामध्ये आय-८० महामार्गावर कितीतरी काउंट्या लागतात. पुण्यात बसलेल्या आईवडिलांनी विचारायचं कुणाला? ज्या काउंटीची यादी उघडी आहे तिथे अमेरिकेतला कुणीही मित्र दोन मिनिटांत बघून सांगू शकतो.

ज्यांना कधी गरज पडेल त्यांच्यासाठी: नोंदणी पूर्ण व्हायला काही तास जाऊ शकतात, तोवर नाव दिसत नाही. आडनावाची पहिली तीनच अक्षरं टाकून शोधा, कारण आपली नावं सर्रास चुकीची लिहिली जातात, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं. पासपोर्टवर एकच नाव असेल तर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) असतं. लहान काउंटीला स्वतःचं जेल नसतं किंवा जागा नसते, मग कैदी शेजारच्या काउंटीत पाठवतात. तीही यादी बघा. काहीच सापडलं नाही तर सरळ शेरीफच्या ऑफिसला फोन लावा आणि नाव, जन्मतारीख सांगून विचारा.

पैलतीर

तुम्ही आईवडिलांचं सांगताय, पण ही यादी आईवडिलांपेक्षा बाकीचेच जास्त वाचतात. जेलमधल्या दर दहा माणसांपैकी साधारण सातजणांवर गुन्हा सिद्धच झालेला नसतो. तरी फोटो जगभर. पाच हजार वस्तीच्या गावात शेरीफ तो फोटो फेसबुकवर टाकतो आणि खाली शंभर लोक निकाल देऊन मोकळे होतात. खटला पुढे मागे घेतला, तर त्याची पोस्ट कुणी टाकत नाही.

याद्यांवरचे फोटो उचलून स्वतःच्या साइटवर लावायचे आणि काढायचे पैसे मागायचे, हा धंदा इतका बोकाळला की जॉर्जियाला २०१३ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुढे इतर राज्यांनीही केले.

पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीचं प्रकरण वाचा. दार्युश ताहा यांना १९९८ मध्ये अटक झाली आणि २००० मध्ये ती नोंद कोर्टाच्या आदेशाने पुसली गेली. काउंटीने २००८ मध्ये कैदी शोधण्याची ऑनलाइन सोय केली, त्यात त्यांचं नाव आणि फोटो पुन्हा हजर. १९३८ पासून जेलमध्ये येऊन गेलेले लोक त्यात होते. २०१९ मध्ये ज्यूरीने सुमारे ६७ हजार लोकांना प्रत्येकी १ हजार डॉलर द्यायला सांगितले. हे काउंटीनेच केलेलं होतं, कुठल्या भुरट्या साइटने नव्हे.

मुक्ता_ओहायो

मी घरगुती हिंसाचारातून बाहेर पडणाऱ्या बायकांसोबत काम करते, म्हणून तिसरी बाजू मांडते. या चर्चेत ती नेहमी राहून जाते.

केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये मेरी बायरन हिने तक्रार केल्यावर तिचा पूर्वीचा मित्र जेलमध्ये गेला होता. तो जामिनावर सुटला. तिला कुणीही कळवलं नाही. डिसेंबर १९९३ मध्ये, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, त्याने तिला गोळ्या घालून मारलं. त्यानंतर तिथे ‘वाइन’ नावाची सेवा सुरू झाली: कैद्याच्या नावावर आपला फोन नंबर नोंदवायचा, तो सुटला की फोन येतो. आज ती देशाच्या बहुतेक भागांत आहे. तिची माहिती जेलच्या नोंदींतूनच येते. लहान काउंटीने नोंद उशिरा केली की फोनही उशिरा येतो. माझ्या कामात एका बाईच्या बाबतीत असा उशीर मी पाहिलेला आहे आणि तिची ती रात्र मी विसरू शकत नाही.

फोटोबद्दल मात्र मी पैलतीरशी सहमत आहे. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये आणि युटाने २०२१ मध्ये अटकेच्या फोटोंवर बंधनं आणली. आभाळ कोसळलं नाही.

किनारा

एक धोका कुणी लिहिला नाही. भामटे हीच यादी वाचून घरच्यांना फोन करतात. "मी शेरीफच्या ऑफिसमधून बोलतोय, तुमच्या मुलाचा जामीन अमुक इतका आहे, गिफ्ट कार्डाने भरा." नाव बरोबर, आरोप बरोबर, रक्कम बरोबर, म्हणून घाबरलेला माणूस भरतो. कुठलंही जेल जामिनाची रक्कम फोनवर गिफ्ट कार्डाने घेत नाही. पण ती रक्कम त्या भामट्याला कळते कुठून? यादीतूनच ना!

सातपुडा

मी नागपुरात वकिली करतो. आपल्याकडे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं की अटक झालेल्याच्या घरच्यांना कळवलं पाहिजे आणि पोलीस नियंत्रण कक्षातल्या फलकावर माहिती लावली पाहिजे. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावायचं आहे, डिजिटल पद्धतीनेही. अंमलबजावणीवर मी वेगळं लिहीन. तत्त्व मात्र स्पष्ट आहे: कोणाला कोंडलंय हे सरकारने लपवू नये. माणूस गायब होण्यापेक्षा त्याची बदनामी परवडली, असं मला अनेक अशील भेटल्यावर वाटतं.

पैलतीर

@सातपुडा, बदनामी परवडली हे ज्याची होते त्याने म्हणावं. इथे व्हिसावर असलेल्या मुलाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, दोषी ठरायची वाट बघत नाही. त्यात फोटो कंपनीतल्या सगळ्यांनी पाहिलेला. अॅरिझोनात मारिकोपा काउंटीच्या शेरीफने असाच फोटो टाकला, आरोप पुढे रद्द झाले, आणि २०२४ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने त्या माणसाचा काउंटीविरुद्धचा दावा चालू द्यायला सांगितलं. पारदर्शकतेसाठी टाकतो, हे काउंटीचं म्हणणं न्यायालयाला पटलं नाही. दोषी ठरण्याआधीच ही शिक्षा झाली.

कऱ्हाकाठ

फोटो काढा, माझी हरकत नाही. सुटलेल्याचं नाव त्याच दिवशी उतरवा, तेही मान्य. किनारा म्हणतात त्यासाठी घरच्यांना सावध करू. पण आत्ता आत असलेल्याचं नाव झाकायला मी तयार नाही.

यादी नसली की काय होतं ते आजच दिसतंय. अनेक ग्रामीण जेलं आपल्या खाटा इमिग्रेशन खात्याला भाड्याने देतात. ते कैदी काउंटीच्या यादीत अनेकदा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्राची वेगळी शोधसेवा आहे आणि तिला ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला नोंदणी क्रमांक) लागतो, नाहीतर नाव जसंच्या तसं आणि जन्मदेश. एक अक्षर चुकलं की माणूस नाहीच. त्याला एका जेलमधून दुसऱ्या राज्यातल्या जेलमध्ये हलवलं तर घरच्यांना आपणहून कुणी सांगत नाही. आणि भारतीय वकिलातीला आपोआप कळवलं जातं असं समजू नका. काही देशांच्या नागरिकांसाठी अमेरिकेला ते करावंच लागतं, भारत त्या यादीत नाही. कैद्याने स्वतः मागणी केली तरच कळवतात, आणि घाबरलेल्या पोराला तो हक्क ठाऊकच नसतो.

पैलतीर

मग मधला मार्ग काढा. पूर्ण नाव आणि जन्मतारीख टाकली तरच माहिती दिसावी. आईला दोन्ही माहीत असतं. शेजाऱ्याला, भामट्याला, कंपनीच्या एचआरला नसतं.

मुक्ता_ओहायो

नवऱ्याची जन्मतारीख बाईला माहीत असेल. पण आठवड्यापूर्वी भेटलेल्या, पाठलाग करणाऱ्या माणसाची नसते. तिला तो सुटला का हे कळायला नको?

कऱ्हाकाठ

आणि इकडे सर्वांत आधी शोधाशोध करतो तो रूममेट. त्याला जन्मतारीख माहीत नसते, आणि आपल्या मुलाचं नाव नोंदणी करणाऱ्याने कसं लिहिलंय हे तर आईलाही माहीत नसतं. पूर्ण नावाची अट घाला, आणि ‘क्षीरसागर’ आडनावाचा मुलगा त्या यादीत असूनही कुणाला सापडणार नाही.