लिटर मोजण्याआधी जागेची भांडणं बघा
टाकीत किती मासे ठेवायचे यासाठी 'इतक्या लिटरला इतके सेंटिमीटर मासा' असा हिशोब सांगतात, तो रीफ टँकला (प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला) लावू नका. २०० लिटरच्या टाकीत खडक आणि वाळू गेली की पाणी बरंच कमी उरतं. शिवाय दुकानात बोटाएवढा दिसणारा यलो टँग (पिवळा समुद्री मासा) पुढे २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला सरळ पोहायला लांबी लागते. ४ फुटांपेक्षा आखूड टाकीत नकोच तो. मी क्लाउन माशांची जोडी, एक रॉयल ग्रामा आणि एक गोबी एवढ्या लहान माशांवर थांबलोय. आधी डॅमसेल हा भांडखोर मासा सोडला होता (चूक माझीच), त्याने नंतर आलेल्या ग्रामाला दोन दिवस कपारीतून डोकं बाहेर काढू दिलं नाही. भांडकुदळ मासा सगळ्यांत शेवटी सोडा, आणि एक मासा सोडल्यावर पुढचा सोडेपर्यंत तीन-चार आठवडे जाऊ द्या. तेवढ्यात पाण्यातलं नायट्रेट (माशांच्या घाणीतून साठणारा क्षार) चढलं तर पुढचा मासा रद्द.