माणसाच्या चुकीनं फुटलेली गुपितं: तुमचे अनुभव लिहा

मेघना_प
काल दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लॉरेन्झ यंत्राबद्दल (गुप्त संदेश पाठवायचं यंत्र) वाचत बसले आणि बाबांची आठवण आली. बाबा तार ऑफिसात होते. कडकट्ट ऐकून पलीकडे कोण बसलंय ते ओळखायचे. "हा जळगावचा, हात जड आहे याचा."

तर 30 ऑगस्ट 1941. अथेन्सहून व्हिएन्नाला जर्मन सैन्याचा जवळपास 4000 अक्षरांचा संदेश गेला. पलीकडून उत्तर आलं, नीट मिळाला नाही, परत पाठव. संदेश गुप्त करणारी यंत्राची चाकं दर वेळी वेगळी लावायची असतात, पण ऑपरेटरनं मनाई असताना ती पुन्हा त्याच जागी लावली आणि सगळं परत टाइप केलं. कंटाळून काही शब्द तोडले, 'श्प्रुखनुमर'चं (संदेश क्रमांक) 'श्प्रुखएनआर' केलं. तिथून दोन्ही संदेश एकमेकांपासून सरकले आणि ब्रिटिशांचे संकेत फोडणारे जॉन टिल्टमन यांना तेवढी फट पुरली. दोन्ही मजकूर सुटले. मग त्यांच्याच बिल टटनं काही महिन्यांत बाराही चाकांची रचना कागदावर मांडली, यंत्र डोळ्यांनी न बघता!

मला त्या ऑपरेटरचा राग येत नाही. एवढं पुन्हा बडवायचं म्हणजे बोटं दुखणारच. चाकं परत तिथेच लावता येत होती, दोष त्यात आहे. तुमच्याकडचं लिहा. बँक, ऑफिस, घर, काहीही.

कऱ्हाडचा_बंड्या
तारेवरून आठवलं! शुभेच्छांच्या तारेला ठरलेले नंबर असायचे ना, मजकुराऐवजी फक्त आकडा जायचा. मामाच्या लग्नात भर मांडवात तार वाचली, "बाळाच्या आगमनाबद्दल अभिनंदन". कुठेतरी आकडा चुकला होता. आजी अजून सांगते आणि मामी अजून लाजते.

मेघना_प
@बंड्या हसून पुरेवाट 😄 बाबा म्हणायचे लग्नसराईत हे व्हायचंच.

सुनीता_जोशी
मी बँकेतून रिटायर. नियम असा की एकानं नोंद करायची, दुसऱ्या अधिकाऱ्यानं तपासून पास करायची. मार्चअखेरीला काउंटरपुढे ही रांग, साहेब जेवायला गेलेले आणि त्यांचा पासवर्ड सगळ्या शाखेला पाठ. मग नोंदही त्याच मुलीनं केली आणि पासही तिनंच. खाते क्रमांकातले दोन आकडे उलटे पडले. तेव्हा नाव जुळतंय का कोण बघतंय, नंबर बरोबर की पैसे जमा. एका शेतकऱ्याची उसाची रक्कम भलत्याच खात्यात. तो खातेदार देवमाणूस, दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन परत करून गेला. मेमो मात्र त्या मुलीला मिळाला. साहेबांना काही नाही. ते मला आजही खटकतं.

देवगडी
ताई, अगदी अगदी. सगळीकडे हेच. मेमो नेहमी खालच्याला.

रोहन_डेव्ह
2017 मध्ये गिटलॅबचं (प्रोग्रामर जिथे आपला कोड ठेवतात ती साइट) झालं ते वाचा. रात्री उशिरा काम करताना एकानं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला आणि बॅकअपच्या नेहमीच्या व्यवस्था ऐन वेळी कामाला आल्या नाहीत. सुमारे 6 तासांचा डेटा गेला. पण त्यांनी सगळं उघडपणे लिहून काढलं, त्या माणसाला पुढे करून हात झटकले नाहीत. आमच्या टीमलीडनं त्यानंतर दर महिन्याला बॅकअप खरोखर परत चढवून बघायची सवय लावली. नुसता घेऊन ठेवलेला बॅकअप काय कामाचा?

अनघा
एनिग्माचं, म्हणजे त्याच युद्धातल्या दुसऱ्या गुप्तलेखन यंत्राचं पण आहे ना. त्यात कुठलंही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी येत नाही. एकानं चाचणी संदेश म्हणून नुसतं एल, एल, एल दाबलं. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेत फोडायच्या केंद्रात मेव्हिस लीव्हरच्या लक्षात आलं की अख्ख्या संदेशात एल एकदाही नाही, म्हणजे मूळ संदेश नुसता एलचाच. विशीच्या आसपासची पोर! कुकर झाला, येते नंतर.

कोथरूडची_मावशी
शेजारच्या वहिनींनी सोफा विकायला काढला. फोन आला, "मी फौजेत आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील." टाकला. गेले पैसे. पैसे घ्यायला पिन लागतच नाही हो! घरी आईवडिलांना आजच सांगा. वहिनी आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. फौजी म्हटल्यावर कुणाचाही विश्वास बसेल.

घाटमाथा
बँकेच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. आता आमच्या गावात गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या पोरांची तारीख 1 जून टाकलेली. कुणाचीही फाइल कुणीही उघडावी.

देवगडी
आमच्या बाबांचा पण 1 जून!

अनघा
सासरे, दोन्ही चुलत सासरे, सगळे 1 जून 😀 एटीएमचा पिनपण 0106 असणार, आत्ताच विचारते.

सुनीता_जोशी
अनघा, विचारू नकोस गं, फक्त बदलायला सांग. एटीएमवरच होतो, शाखेत जायची गरज नाही.