हळूहळू वजन उतरवलं, खाणंपिणं न सोडता : तुमचे अनुभव सांगा

पायरीपायरीने : काल माळ्यावरची ट्रंक उघडली, लग्नातलं ब्लाउज सापडलं आणि २०१९ आठवलं एकदम. दोन्ही बाजूंची शिवण तीनदा उसवून सोडलेली, सुईच्या भोकांच्या रेघा अजून दिसतात. चौथ्यांदा गेले तेव्हा टेलरकाका म्हणाले, ताई आता आत मायाच उरली नाही. घरी येऊन खूप रडले. तेव्हा ७८ किलो होते, आता ६६. उतरायला अडीच वर्षं लागली. चहातली साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आणली तीही कितीतरी महिन्यांत, रात्री तीन पोळ्यांऐवजी एक नि भाजीची वाटी मोठी, आठवड्यातून चार दिवस पर्वती. होळीला पुरणपोळी तुपात भिजवून खाते, दरवर्षी, आणि त्याचं कुणीही वाईट वाटून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही कसं केलंत?

सदाशिवपेठी सूनबाई : पर्वती!! १०३ पायऱ्या. सासूबाई ६८ च्या, त्या पुढे मी मागे. पहिला महिना अर्ध्यावर बसायचे, आता गप्पा मारत चढतो. वर्षात ४ च किलो गेले पण गुडघे दुखायचे थांबले. आणि उतरल्यावर मीठ लावलेला आवळा घेतल्याशिवाय त्या घरी येत नाहीत

सोलापूरकर : माझं उलट झालं. भात बंद गोड बंद, दोन महिन्यांत ९ गेले, सहा महिन्यांत ११ परत. भाच्याच्या बारशाला स्वतःचा डबा घेऊन गेलो होतो, वहिनीने केलेल्या बासुंदीला हात लावला नाही, तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो. आता ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगाचटणी, जेवण झालं की मी नि बायको अर्धा तास चालतो. महिन्याला अर्धा किलो जातंय. बासुंदी वाटीभर खातो.

मिरचीठेचा : दादा चटणी उखळातली का मिक्सरची?

मडगावची : आमच्याकडे नुस्त्याशिवाय, म्हणजे माशाशिवाय, जेवण नाही. बांगडा रोज तळायचे, आता रवा लावून फक्त रविवारी, बाकी दिवस हुमण (माशाची आमटी). भात दोन डावांऐवजी एक. बस्स एवढंच केलं, दीड वर्षात ७ किलो. कुकर झाला, येते नंतर

आहारवाली : रोज पेशंट बघते म्हणून सांगते, नुसत्या काट्याकडे बघू नका, टेप घ्या नि कंबर मोजा. आपल्याकडे बायकांची ८० सेंमीच्या, पुरुषांची ९० सेंमीच्या पुढे गेली की शुगर-बीपी तपासून घ्यावं. बीएमआयही (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आपल्यासाठी २३ च्या आत बरा धरतात. आणि किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, ती आठवड्यात कशी जाईल हो? हळू जाऊ दे.

निळीछत्री : आई गेली त्या वर्षी १४ किलो वाढले, मग थायरॉइड निघालं, गोळी चालू आहे. सगळं वाचून बरं वाटलं. बाकी काही नाही.

पायरीपायरीने : अगं, ते वर्ष तसंच जातं गं. आधी झोप नि गोळी वेळेवर. पुण्यात असशील तर शनिवारी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी ये, मी असते.

निळीछत्री : डोंबिवलीत आहे ताई. पण सहाला उठून बिल्डिंगखाली फेऱ्या मारते, फोन करू का तेव्हा?

पायरीपायरीने : कर की! धापा टाकत बोलेन पण उचलेन. व्यनि (खाजगी निरोप) करते नंबर.

सोलापूरकर : @मिरचीठेचा उखळातलीच. मिक्सर असेल तर एकसारखा फिरवू नका, थांबत थांबत, तेल सुटायला लागलं की बंद.